शिळ्या भाकरीची लाट

शिवलीला हत्तुरेची लाट चढेना, म्हणून तिच्यावर चोरीचा आळ आला.

आळ घेतला तो कुणा माणसानं नव्हे. सकाळी सव्वासहाला ती तोळगी आगारात आपल्या गाडीत चढली, पट्टा लावला, डाव्या दंडावरची टिकली स्टेअरिंगशेजारच्या काचेला टेकवली. रोज तिथं हिरवं अक्षर उमटायचं. आज पिवळं उमटलं: 'विसंगती दुसरी. नोंदवलेला आहार आणि मोजलेली साखर जुळत नाही. छेडछाडीचा संशय. तिसऱ्या विसंगतीनंतर परवाना रद्द.'

गाडी सुरू झाली, कारण शिवलीलाची साखर जिथं असायला हवी तिथंच होती. तीच तर तक्रार होती.

टिकली म्हणजे रुपयाएवढी चकती. तिच्या पोटात केसाहून बारीक सुई, ती कातडीखालच्या पाण्यातली साखर दर मिनिटाला मोजते आणि मोबाइलवर रेघ काढते. जेवल्यावर रेघ वर चढते, मग उतरते. तिलाच सगळे लाट म्हणायचे. दोन हजार एकोणचाळीस सालापर्यंत सीमा परिवहनच्या प्रत्येक चालकाच्या दंडावर टिकली आली होती. विमा उतरवणाऱ्या 'समतल आरोग्य' कंपनीची ती अटच होती, आणि अटीमागं कारणही खरं होतं. साखर झपकन चढली की अंग ती झपकन उतरवतं, आणि उतरताना पापण्या जड होतात. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला स्टेअरिंगवर डुलकी लागून किती गाड्या झाडाला भिडल्या होत्या, ते प्रत्येक आगाराला ठाऊक होतं. म्हणून लाट एकशे चाळीसच्या वर गेली की गाडीला कुलूप. लाट बसेपर्यंत चाक हलत नाही.

इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. खोच होती ती आहार-कोषात. कंपनीनं अकरा हजार पदार्थ प्रयोगशाळेत माणसांना खाऊ घालून मोजले होते. नुसतं ग्लुकोज प्यायल्यावर लाट जेवढी फुगते तिला शंभर म्हणायचं आणि बाकीचं अन्न त्याच मापानं जोखायचं. पांढरा भात सत्तरच्या पुढं, हरभरा तिसाच्या आसपास. हा झाला पदार्थाचा निर्देशांक. चालकानं काय खाल्लं ते मोबाइलमध्ये नोंदवायचं. यंत्र कोषात बघून लाट किती चढायला हवी ते सांगायचं. टिकली खरी लाट दाखवायची. दोन्ही जुळल्या तर माणूस खरा. खरी लाट फारच खाली राहिली तर माणसानं टिकली दुसऱ्याच कुणाला चिकटवली असणार. तसं घडलंही होतं. पलीकडच्या आगारातल्या एकानं टिकली बकरीच्या कानामागं लावली होती. बकरीची लाट अशी सपाट, की कंपनीनं त्याला 'महिन्याचा आदर्श चालक' म्हणून शाल देऊ केली होती. ते उघडकीला आल्यावर कंपनीनं ही जुळवणी सुरू केली, ती याच आठवड्यात.

आणि शिवलीला नोंदवत होती: ज्वारीची भाकरी, दोन. कोष म्हणत होता, एकशे ऐंशी. तिची लाट एकशे चोवीसला जाऊन बसत होती.

आगारप्रमुख बनसोडे साहेबांनी तिला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"ताई, समतल डबा खा की. डबा खाल्ला की विसंगतीच नाही. त्याचा आकडा यंत्राला पाठ आहे."

"साहेब, डबा मी पाच महिने खाल्ला."

"मग?"

"मग काय. सहा किलो उतरले आणि मग अधलंमधलं खाऊन आठ चढले. भूकच अशी, की सिग्नलला उभी राहिले की पुढच्या टेम्पोतल्या कोबीकडं बघायची मी."

बनसोडे हसले आणि मग हसल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटलं.

"आणि मी खोटं काय केलंय?" शिवलीलानं विचारलं. "त्र्याण्णव किलोची होते. आता चौऱ्याहत्तर. हे वजन तरी बकरीचं नाही ना?"

"मला पटतंय ओ. यंत्राला पटायला पाहिजे."

"मग यंत्राला घरी पाठवा. नियमात आहे ना, प्रत्यक्ष पडताळणी? मागते मी."

बनसोडेंनी चष्मा काढला. "मागू नका. पडताळणीत जे निघेल ते शेवटचं. उलटं निघालं तर तुमच्या नावापुढं 'फसवणूक' लागेल, मग देशात कुठं गाडी मिळणार नाही. आज चूक कबूल करा, डबा सुरू करा, संपलं."

"मी माझ्या घरचं जेवते, ह्यात कबूल काय करू?" शिवलीलानं अर्ज पुढं ओढला आणि सही केली.

*

शिवलीलाचं गाव बेन्नळी, कर्नाटकच्या शिवेला टेकलेलं. नवरा इरण्णा पिठाची गिरणी चालवायचा. सासू महानंदा, वय एकाहत्तर, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी. माहेरचं नातं नसलं तरी त्या भागात सासूला आत्या म्हणतात, तशी शिवलीलाही म्हणायची.

डब्याच्या त्या पाच महिन्यांत घरात एक गोष्ट उसवली होती. पूर्वी शिवलीला फेरी संपवून यायची, तेव्हा महानंदा तवा तापवून वाट बघत असायची. भाकरी तव्यावरनं थेट सुनेच्या ताटात, तीही फुगलेली, वाफेसकट. सुनेला जेवू घालताना म्हातारीच्या तोंडी गाणं यायचं. डबा आला आणि शिवलीला बाहेरच्या खोलीत एकटी बसून भुशाच्या रंगाच्या वड्या चावू लागली. महानंदानं तवा लवकर उतरवायला सुरुवात केली. गाणं कधी थांबलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एकदा डब्यांची गाडी आठवडाभर आलीच नाही. शिवलीला भुकेजून घरी आली, घरात कुणी नव्हतं. टोपल्यात फडक्याखाली कालच्या दोन भाकरी होत्या, इरण्णानं गिरणीचा नवा दगड बसवताना दळलेल्या भरड पिठाच्या. मटकीची उसळ होती, मेथीची भाजी होती, दही होतं. आधी भाजी-उसळ वाटी चाटून संपवली, मग भाकरी दह्यात कुस्करून. खाल्लं आणि गुन्हा केल्यासारखी मोबाइल घेऊन बसली. आता चढेल, मग चढेल. रेघ जरा वर आली, पाय दुमडून बसली आणि पुन्हा निजली. टिकली बिघडली असं समजून तिनं नवी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खाल्लं. पुन्हा तेच.

त्यानंतर ती खेळत राहिली, टिकलीशी आणि भाकरीशी. ताजी खाल्ली की लाट उंच. शिळी खाल्ली की बुटकी. बारीक पिठाची ताजी खाल्ली तर सगळ्यात उंच. आधी भाजी-उसळ आणि शेवटी भाकरी खाल्ली तर आणखी खाली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला त्याचं गुपित उलगडून सांगितलं होतं. दाण्यातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांच्या माळा. उकळत्या पाण्यात आणि तव्यावर त्या सैल होतात, सुटतात. मग पोटातल्या रसांनी एकेक मणी तोडणं सोपं जातं, आणि साखर एकदम रक्तात. पण भाकरी रात्रभर गार पडली, की सुटलेल्या माळांतल्या काही पुन्हा एकमेकींना बिलगतात, गाठी मारतात. त्या गाठी सोडवताना रसांचा वेळ जातो. काही तर सुटतच नाहीत, त्या तशाच मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात. भरड पिठाचं तसंच, कण मोठा तर दार लहान. आणि साखर हळू आली की तिला साठवायला धावणारं इन्सुलीनही हळू येतं, थोडं येतं, भूक दोन तासांत पुन्हा दार वाजवत नाही. "पण भाकरी शिळी झाली म्हणून तिची हवा होत नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तिसरी खाल्लीस तर ती तिसरीच." शिवलीलानं तिसरी सोडली होती. चौदा महिन्यांत एकोणीस किलो गेले होते, डुलकी गेली होती, गुडघ्यांचं रडगाणं गेलं होतं.

महानंदाला मात्र यातलं काही आवडलं नव्हतं. सून शिळं खाते, ही गोष्ट तिच्या जिवाला लागली होती.

"लोक काय म्हणतील? गिरणीवाल्याची बायको, आणि ताटात शिळं?"

"लोकांना सांगते कोण?"

"बारीक होऊन करायचं काय तुला? गाडी ओढायचीय का चालवायचीय?"

पडताळणीची चिठ्ठी आली त्या दुपारी इरण्णानं गिरणी बंद केली. केसांत पीठ तसंच घेऊन तो उंबऱ्यात बसला.

"माघार घे," तो म्हणाला. "डबा खाऊन टाक वर्षभर. कुणाला दाखवायला नको, भाकरी गुपचूप खा."

"गुपचूप? माझ्या घरात?"

"अगं, परवाना जाईल."

"गेला तर माझी चूक दाखवून जाऊ दे. माझी भाकरी खोटी ठरवून नको." ती विळीवर कांदा कापत होती आणि हातातल्या लयीवर तिच्या ओठांवर ओवी आली. सासूचीच चाल, शब्द तिचे:

कुणी मोजिली गं भूक, कुणी मोजिली भाकर
नाही मी चाकर, त्या आकड्याची

आतल्या खोलीत महानंदानं ऐकलं.

*

पडताळणीला कंपनीनं पुण्याहून पाठवलेली केतकी दामले तिशीची होती. तिच्याही दंडावर टिकली होती, आणि चेहऱ्यावर डबा खाणाऱ्याची ती ओळखीची पांढुरकी भूक. पिशवीतनं तिनं वजनकाटा, कॅमेरा आणि मोहोरबंद टिकल्यांची डबी काढली.

"ताई, नियम सांगते. मी नवी टिकली लावणार. तुम्ही अर्धा तास माझ्या नजरेसमोर बसायचं. मग रोजचं जेवण येईल, मी त्याचं वजन करणार, फोटो काढणार. फोटो काढल्यावर ताटात बदल नाही. जेवायला नकार दिलात तर कबुली धरली जाते. जेवल्यावर दोन तास बसायचं. यंत्राला तेवढंच हवंय."

"बसा," शिवलीला म्हणाली. "पाणी घ्या. तुम्हीच जरा घाबरल्यासारख्या दिसता."

टिकली लागली. इरण्णा दाराशी उभा. अर्धा तास झाल्यावर महानंदानं आतून दोन ताटं आणली, एक सुनेचं, एक पाहुणीचं. केतकीनं शिवलीलाचं ताट काट्यावर ठेवलं आणि खटकन फोटो घेतला. मगच शिवलीलाचं लक्ष ताटाकडं गेलं.

भाकरीतनं वाफ येत होती.

पांढरीशुभ्र, बारीक पिठाची, टम्म फुगलेली. घरच्या गिरणीत कळू नये म्हणून म्हातारीनं सकाळीच नातेवाइकांकडं जाऊन बारीक दळण आणलं होतं.

"आत्या," शिवलीलाचा आवाज खाली गेला, "हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे?" महानंदा पाहुणीकडं बघून हसली. "पुण्याच्या बाई आल्या. त्यांच्यासमोर सुनेच्या ताटात शिळं घालू व्हय? आमच्यात शिळं कोण खात नाही हो बाई. रोज ताजीच असते."

केतकीनं अर्ज उघडला. "इथं 'ज्वारीची भाकरी, दोन' एवढंच आहे. ताजी-शिळीचा रकानाच नाही."

"ताट बदलता येईल?"

"नाही ना, ताई." केतकी क्षणभर थांबली. मग हळू म्हणाली, "ऐका, मी सांगायला नको, पण सांगते. हे खाल्लंत आणि लाट कोषाप्रमाणं चढली, तर यंत्र म्हणेल: या बाईची खरी लाट ही. म्हणजे मागचे चौदा महिने सगळे खोटे."

इरण्णानं कपाळाला हात लावला. महानंदाचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. तिला काय झालं ते कळलं होतं, सगळं नाही, पण पुरेसं.

शिवलीलानं ताट स्वतःपुढं ओढलं.

"तुमच्या डबीत आणखी टिकल्या आहेत?"

"तीन आहेत. एखादी खराब निघाली तर म्हणून."

"एक आत्यांना लावा."

"मला कशाला गं?" महानंदा दचकली.

"कारण तुम्ही आज काय जेवणार ते मला ठाऊक आहे. टोपल्यात फडक्याखाली माझ्या कालच्या दोन आहेत. त्या तुम्ही टाकणार नाही. आम्ही उठलो की चुलीपाशी बसून खाणार. लग्न होऊन आल्यापासून तेच बघतेय मी. घरादाराला ताजी, आणि उरलेली तुम्हाला. सत्तरी ओलांडली, अंगावर मांस नाही, साखर नाही, डॉक्टर नाही. तुम्हाला कधी कुणी विचारलंच नाही, काय खाता म्हणून."

महानंदानं पदर दातांत धरला. चारचौघांत सुनेनं तिचं चुलीपाशी झाकलेलं ताट उघडं केलं होतं.

"घरातलं घरात राहावं, शिवलीले," ती कसंबसं म्हणाली.

"नाही म्हणालात तर मी गप्प जेवते. परवाना गेला तर गेला. पण ही बाई खोटं बोलली असं माझ्या नावापुढं लागेल, आत्या. ते तुम्हाला चालणार असेल तर तसं सांगा."

म्हातारी उठली. आत गेली. भांड्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, त्यात दोन काळसर, कडेनं भेगाळलेल्या भाकरी. ताट तिनं केतकीसमोर काट्यावर असं ठेवलं, की काटा थरथरला. मग चोळीची बाही वर सारली. वाळक्या दंडावर हिरवं गोंदण होतं.

"लाव बाई," ती म्हणाली. "आणि फोटो नीट काढ. भाकरीचा पण काढ, माझा पण काढ."

सासू-सून समोरासमोर बसल्या. आधी भाजी, उसळ. मग भाकरी. जेवताना महानंदाच्या घशातनं एक ओळ आपोआप निसटली, आणि मग दुसरीही:

सासूची भाकर बाई, टोपल्यात निजली
दह्यात भिजली, सकाळच्या

दोन तासांनी केतकीनं दोन्ही लाटा शेजारी ठेवल्या. सुनेची एकशे शहात्तर. सासूची एकशे सोळा.

"बघा!" इरण्णा ओरडला.

केतकीनं मान हलवली. "यानं काहीच सिद्ध होत नाही, दादा. माणसं दोन आहेत. आजींचं शरीर वेगळं, ताईंचं वेगळं."

"मग उद्या ताटं बदलू," शिवलीला लगेच म्हणाली. "उद्या मी शिळी, आत्या ताजी. आजच्या ह्याच पिठाच्या दोन भाकऱ्या फडक्याखाली ठेवते. मग तर बोलाल?"

"पडताळणी एका जेवणाची असते."

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय. नियम काल वाचलाय मी."

केतकीनं रिकाम्या ताटांकडं पाहिलं. पाहुणीचं ताट तिनं हातच लावलं नव्हतं. तिचा डबा पिशवीत होता. "मी उद्या येते," ती म्हणाली. "ऑफिसातून फोन आला तर टिकली खराब निघाली म्हणते."

दुसऱ्या दिवशी शिवलीलाची लाट एकशे एकोणतीस आली. महानंदाची एकशे अठ्ठावन्न. म्हातारीनं मोबाइलवरची आपली चढलेली रेघ बोटानं दाबून पाहिली, जणू फुगलेली भाकरी दाबून वाफ काढतेय.

"म्हणजे मी तुला ताजी-ताजी घालून फुगवली," ती म्हणाली.

"मायेनं घातली, आत्या."

"माया होतीच गं. पण फुगवली."

*

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसाची चाचणी नियमबाह्य, म्हणून रद्द. पहिल्या दिवसाची चाचणी ग्राह्य. त्यात चालकाची लाट कोषाशी तंतोतंत जुळते. सबब मागच्या सर्व नोंदी बनावट. परवाना स्थगित. सोमवारी दुपारी तीन वाजता आगारात सुनावणी, ती ऐकून 'फसवणूक' शेरा कायम केला जाईल.

शिवलीलानं उत्तर दोनदा वाचलं. मग साडी बदलून आगारात गेली आणि उपाहारगृहात बसलेल्या चालकांपुढं उभी राहिली.

"सोमवारी दुपारी बारा वाजता माझ्याबरोबर कोण जेवणार? शिळी भाकरी आहे. मटकी आहे, मेथी आहे. नोंदवायचं मात्र खरं, 'ज्वारीची भाकरी, दोन'. विसंगती येईल, हे आधी सांगते."

माणसं चमचे चाळवत राहिली. आठ-दहा जण सरळ उठून गेले. त्यांना नाव ठेवता येत नव्हतं. प्रत्येकाच्या मागं घर होतं.

मौला शेख, आगारातला सगळ्यात जुना चालक, दाढी खाजवत म्हणाला, "माझी एक विसंगती आधीच झालीय. कुळथाचं माडगं प्यालो होतो, यंत्राला ते सूप वाटलं."

"मग नका येऊ, मौलाभाई."

"येऊ नको कसं? घरचं खाल्लं तर चोर, आणि त्यांच्या वड्या खाल्ल्या तर साव? बायकोला काय सांगू मी, तुझ्या हाताला खोट आहे म्हणून? लिही माझं नाव."

एकतीस नावं झाली.

रविवारी सकाळपासून हत्तुऱ्यांच्या घरात तीन तवे तापले. इरण्णानं दगड सैल करून भरड दळलं. महानंदा थापत होती, शेजारच्या दोघी भाजत होत्या, शिवलीला भाकऱ्या फडक्यावर पसरून गार करत होती. कुणी बोटभर तुकडा ताजा मोडून खायला गेलं की म्हातारी हातावर चापट मारायची. "उद्या! आज निजू दे त्यांना."

सोमवारी इरण्णा आणि महानंदा टोपल्या घेऊन आगारात आले, आणि बारा वाजता शेडमध्ये पंगत बसली. एकतीस चालक, एकतीस टिकल्या. बनसोडे साहेब केबिनच्या खिडकीतून बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते.

तीन वाजता शेडच्या भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीच्या विभाग अधिकाऱ्यांचा चेहरा उमटला. खाली एका कोपऱ्यात केतकी. तिनं आपला दुसऱ्या दिवसाचा अहवाल रद्द झाल्यावरही मागं घेतला नव्हता, म्हणून तिला उत्तर द्यायला बसवलं होतं.

"श्रीमती हत्तुरे," अधिकारी म्हणाले, "आपल्याला काही सांगायचंय?"

"मला नाही. तुमच्या यंत्राला सांगायचंय. त्याला विचारा, आज या आगारातनं किती चोर सापडले."

अधिकाऱ्यांनी बाजूला पाहिलं. कुणीतरी त्यांना काही दाखवलं. "सव्वीस विसंगती? एकाच वेळी?"

एकतीसपैकी पाच जणांची लाट चढली होती. एकानं तर वर दोन जिलब्या हाणल्या होत्या आणि तो मान खाली घालून बसला होता. पण सव्वीस सपाट होत्या.

"हा यंत्रातला बिघाड दिसतो," अधिकारी म्हणाले.

"माझा झाला तर फसवणूक, आणि सव्वीस जणांचा झाला तर बिघाड?" शिवलीला पडद्याच्या अगदी जवळ गेली. "टिकली बरोबर आहे, साहेब. ती बिचारी जे आहे ते सांगते. चुकलाय तुमचा कोष. तुम्ही भाकरी तव्यावरची मोजली. आमच्या घरात निम्मी माणसं ती दुसऱ्या दिवशी खातात. बहुतेक बायका. त्यांना तुम्ही मोजायलाच आला नाही."

"चौकशी होईपर्यंत या सव्वीस जणांवरही नियमानुसार..."

"हां, नियमानुसारच बोलू." हा आवाज बनसोडेंचा होता. ते केबिनमधून कधी बाहेर आले ते कुणाला कळलं नाही. "छेडछाडीचा संशय असलेल्या माणसाला मी गाडी देऊ शकत नाही. सही माझी असते. साडेतीनच्या, चारच्या, साडेचारच्या फेऱ्या रद्द करतो. बाहेर चारेकशे माणूस उभा आहे, शाळेची पोरं आहेत. त्यांना तुमचा नंबर देऊ का?"

अधिकाऱ्यांनी बाजूच्या कुणाशी तरी कुजबुज केली. मग अधिकारी घसा खाकरून म्हणाले, "सर्वांना तात्पुरती परवानगी. श्रीमती हत्तुरेंनासुद्धा."

शेडमध्ये टाळ्या सुरू झाल्या. शिवलीलानं हात वर केला, तशा थांबल्या.

"तात्पुरती नको मला."

"अगं घे," इरण्णा मागून पुटपुटला.

"नको. तात्पुरती म्हणजे मी अजून चोरच, फक्त आजच्यापुरती मोकळी. 'बनावट' हा शब्द काढा. मागच्या चौदा महिन्यांवरून. आत्ता, माझ्यासमोर. तोवर मी गाडीत बसत नाही." ती खाली फरशीवर बसली. तिच्या शेजारी मौलाभाई बसला, गुडघे कडाकडा वाजवत. मग बाकीचे. जिलबीवालाही बसला.

बाहेर प्रवाशांचा आवाज चढत गेला. पावणेचार झाले. चार झाले. पडद्यावर तीन वेळा कुणीतरी आलं आणि गेलं. सव्वाचारला अधिकारी परतले. ते शिवलीलाकडं न बघता केतकीला म्हणाले, "शेरा काढा. आणि कोषात एक नवी ओळ घाला, दोन्ही दिवसांचे आकडे लावून."

केतकीची बोटं चालू लागली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'हत्तुरे, शिवलीला. सर्व नोंदी ग्राह्य.' त्याखाली नवी ओळ: 'ज्वारीची भाकरी, रात्रभर शीतकरण केलेली'.

"काय लिहिलं ते?" महानंदानं विचारलं. ती इतका वेळ रिकाम्या टोपल्यांपाशी बसून होती. सुनेनं वाचून दाखवलं.

म्हातारी उठली, पडद्यापुढं येऊन उभी राहिली. अधिकारी, केतकी, बनसोडे, एकतीस चालक, दारात जमलेले प्रवासी, सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं पदर सारखा केला नाही.

"शीतकरण-बितकरण काढ बाई. 'शिळी' लिही," ती म्हणाली. "पन्नास वर्षं खाल्लीय मी. मला लाज नाही, तर तुला कशाची?"

केतकीनं खोडलं, आणि लिहिलं.

शिवलीला गाडीत चढली, पट्टा लावला, दंड काचेला टेकवला. मागून कुणीतरी ओरडलं, "चला ओ बाई, पाऊण तास झाला, काय भाकऱ्या थापायलात का!"

"थापून झाल्या," ती म्हणाली, आणि गाडी आगाराबाहेर काढली.